उलट्यांसाठी ॲडमिट झाले आणि पोटात इंजेक्शन सुरू केलं, बाळाला काही होणार नाही ना?

हा प्रश्न मला पेशंटपेक्षा त्यांच्या सासवाच जास्त विचारतात. मागे एक मुलगी आलेली, दहावा आठवडा, पाण्याचा घोटसुद्धा टिकत नव्हता, वजन ५६ वरून ५२ वर, लघवीत किटोन (पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होतात ते), आणि घरी नुसती पडून, कारण उठली की चक्कर आणि फोडणीचा वास आला की परत उलटी. घरच्यांचं म्हणणं डोहाळे कडक आहेत, होईल कमी. डॉक्टरांनी सलाईन, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) दिलं आणि रोज ४० एमजी एनॉक्सापारिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर घ्यायचं इंजेक्शन, लिहिलं, तर ही रडायलाच लागली, सुई बाळाला लागेल आणि रक्त पातळ होऊन बाळ पडेल म्हणून.

तिला म्हणलं, सुई कातडीखालच्या चरबीत जाते, गर्भाशय आत्ता खाली ओटीपोटात आहे, आणि हे औषध वार ओलांडून बाळाकडे जातच नाही. डोस पण गुठळी होऊ नये एवढाच, छोटा. स्पॉटिंग, म्हणजे अंगावरून थोडं रक्त, दिसलं तर मात्र लगेच सांगायचं.

सासूबाई म्हणाल्या, आम्हाला काय उलट्या नव्हत्या? होत्या हो, पण गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात अंगातलं पाणी गेलं आणि माणूस दिवसरात्र पडून राहिलं की धोका अजून वाढतो. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची गाइडलाइन पण अशा ॲडमिट पेशंटला हे इंजेक्शन द्यायचा विचार करा म्हणते. तशी गुठळी हजारात एखाद-दोघींनाच होते, पण ती फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते.

म्हणून एकाच पायाला, बहुतेकदा डाव्या, सूज आली, पोटरी किंवा जांघ दुखली, दम लागला, छातीत दुखलं, नाहीतर डोकं असह्य दुखून दिसायला अंधुक झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि पोटरी चोळून तर अजिबात द्यायची नाही (हे सासूबाईंकडे बघून सांगितलं).

पोटावर निळे डाग पडायचे, ते दाखवून विचारायची नॉर्मल आहे का. सुईच्या जागी पडतात तसे. उलट्या थांबून ती हिंडूफिरू लागल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं. पण बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका उलट जास्त असतो आणि ही जाणार माहेरी, म्हणून तिथल्या डॉक्टरला दाखवायला सगळं फाइलवर लिहून घ्यायला लावलं.