कोचनं जागा बदलली आणि मुलाचं मन उडालं

"कोचनं पोराची जागा बदलली, तेव्हापासून त्याचं कशातच लक्ष नाही. खेळ सोडू द्यावा का?" साताऱ्यात हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात. कधी कबड्डीत चढाई करणाऱ्याला कोपरा सांभाळायला सांगितलेलं असतं, कधी वजन वाढल्यामुळे पैलवानाला वरच्या गटात जावं लागतं. आज सांगते ती हकिकत रग्बीतली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा बारावीतला, कोरेगाव बाजूचा. पंधरा जणांच्या रग्बीत तो नंबर एट खेळायचा. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत गुंतून रेटतात त्या झुंजीत, सगळ्यात मागे राहायचं, पायाशी आलेला चेंडू उचलायचा आणि मुसंडी मारायची. लोकांच्या नजरेत भरणारी जागा. अकरावीत त्याचं अंग एकदम भरलं आणि कोचनं त्याला प्रॉप केलं. पहिल्या रांगेत मधे हुकर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडतात तेव्हा सगळा भार या पहिल्या रांगेच्या मानेवर आणि खांद्यांवर येतो.

वडील म्हणाले, "मॅडम, आता ह्यानं नुसतं ढकलायचं म्हणं. चेंडू बी हातात येत नाय. मग कशाला जायचं ग्राउंडवर?"

मुलगा गप्प होता. मी आईला घरातलं रोजचं विचारलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. रात्री तो ताटावर बसतच नव्हता. "कॉलेजात खाल्लं" म्हणायचा. सकाळी उपाशीपोटी पळायला जायचा. एकटा बोलायला बसला तेव्हा म्हणाला, "दहा किलो उतरवलं की सर परत मागं घेतील." पाहुणे "जाड्या" म्हणून हाक मारायचे, टीममधली पोरंही चिडवायची. त्याच्या डोक्यात प्रॉप होणं ही जाड झाल्याची शिक्षा होती.

म्हणून खेळाचा निर्णय मी बाजूला ठेवला आणि आधी जेवणाकडे वळले. वाढत्या वयात, रोजच्या सरावावर उपाशी राहणं ही साधी गोष्ट नाही. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली, आहार ठरवून घेतला, आणि घरात "जाड्या" हा शब्द बंद करायला सांगितलं. आईनं त्याच आठवड्यात पाहुण्यांना फोन करून बजावलं. मला त्या माउलीचं फार कौतुक वाटलं.

नंतर मी त्याला दक्षिण आफ्रिकेचा नावाजलेला प्रॉप तेंडाई म्तावारिरा याच्याबद्दल सांगितलं. हा 1985 साली झिम्बाब्वेत, हरारेला जन्मला. दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या शार्क्स संघाकडे आला तेव्हा तोही स्क्रमच्या आठ जणांत मागेच, नंबर एट खेळायचा. प्रशिक्षक डिक म्युर यांनी त्याला प्रॉप केलं. 2008 मध्ये वेल्सविरुद्ध तो दक्षिण आफ्रिकेकडून पहिली कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, खेळला. पुढच्याच वर्षी दरबानला ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत त्यानं फिल विकरीसारख्या कसलेल्या प्रॉपला स्क्रममध्ये जेरीस आणलं आणि सामनावीर ठरला. 2010 मध्ये नागरिकत्वावरून त्याच्या निवडीवर प्रश्न उभा राहिला, त्यातूनही तो पार पडला. 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, योकोहामाला, दक्षिण आफ्रिकेनं इंग्लंडला 32-12 असं हरवलं. त्या दिवशी सुरुवातीपासून स्क्रममध्ये आफ्रिकेचाच दाब होता आणि डाव्या बाजूला म्तावारिरा होता. 117 कसोट्या खेळून त्यानं आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती घेतली.

मुलानं घरी जाऊन त्या लायन्स सामन्याचे स्क्रम पाहिले. परत आला तेव्हा पाठ किती खाली ठेवायची, पाय कुठं रोवायचे, यावर बोलत होता. जाडपणाचा विषय त्यानं काढलाच नाही.

पण अशा गोष्टीच्या जिवावर पोराला पुढं ढकलणं मला पटत नाही. म्तावारिराला व्यावसायिक संघाची व्यवस्था मिळाली होती. आपल्याकडे विचारायला हवं ते वेगळं: याला स्क्रम शिकवणार कोण? स्क्रम कोसळला तर मानेला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या रांगेत त्यासाठी तयार केलेलाच खेळाडू असावा लागतो, आणि एकोणीस वर्षांखालच्या सामन्यांत दीड मीटरच्या पुढं रेटता येत नाही. मुलानंच कोचला विचारावं असं ठरलं. मानेचा व्यायाम कोण घेणार, सामन्याआधी किती सराव मिळणार, आणि मोकळ्या खेळात चेंडू घेऊन पळायला मिळेल का. कोचनी तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं दिली. प्रॉपही चेंडू घेऊन धडक मारतो, हे तोवर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वडिलांची काळजी पोटापाण्याची होती आणि ती रास्तच आहे. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला स्पर्धेच्या दर्जाची अट असते, शिवाय पदाला लागणारं शिक्षण हवंच. म्हणून बारावीचा अभ्यास सोडायचा नाही, यावर मुलाचंही एकमत झालं. आईचं माहेर दहिवडीकडचं. ती मधेच म्हणाली, "आमच्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉनच पळायची की!" खरंच आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ललिता पुढं स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीकडं, वळली आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली. वडिलांना म्तावारिरापेक्षा हे उदाहरण जास्त पटलं.

सध्या मुलगा प्रॉप खेळतोय, रात्री घरच्यांबरोबर जेवतोय. हंगाम संपल्यावर पुढं खेळायचं की नाही हे तो स्वतः ठरवणार आहे. तोपर्यंत घरात कुणी तो विषय काढायचा नाही, हे वडिलांनी कबूल केलंय.