ठाण्यात भू-औष्णिक एसी बसवण्याआधी

घोडबंदरला बंगला बांधताय आणि जमिनीखालच्या तापमानावर घर गार ठेवायचंय, छान. पण आधी वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं डोक्यातून काढा; त्यांचा इथे काही संबंध नाही. इथे बोअरमध्ये प्लास्टिकच्या नळीचा लूप सोडतात, त्यात पाणी फिरतं आणि हीट पंप घरातली उष्णता जमिनीत सोडतो.

खरी अडचण वेगळीच आहे. काही मीटर खाली जमीन वर्षभर साधारण 27-28 अंशांवर असते. थंड प्रदेशात हिवाळ्यात तीच उष्णता परत घरात ओढतात, म्हणून हिशेब जुळतो. आपल्याकडे हीटर लावतो कोण? बाराही महिने उष्णता जमिनीत ओतत राहिलात, तर बोअरभोवतीचा कातळ वर्षागणिक तापतो आणि फायदा घटत जातो. म्हणून त्या उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापवा, आणि बोअर एकमेकांपासून पाच-सहा मीटर तरी लांब घ्या. बोअर भरताना ग्राउटमध्ये, म्हणजे नळीभोवतीची पोकळी भरायच्या मिश्रणात, काटकसर नको. नळीभोवती हवा राहिली की सगळं मुसळ केरात.

फ्लॅटवाल्यांनी मात्र या भानगडीत पडूच नये. गच्चीला पांढरा रंग आणि चांगला इन्व्हर्टर एसी, बस्स.