पिकअपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलता येतं का?

भाऊ, तुमची गाडी पन्नासच्या वर गेली की पुढून घों-घों करते, गॅरेजवाला अख्खा हबच (चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्या आत बेअरिंग असतं तो भाग) बदला म्हणतो, आणि जॅक-पाने हाताशी आहेत तर घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमते. पण आवाज बेअरिंगचाच आहे का आणि कोणत्या बाजूचा, हे आधी पक्कं करा.

मोकळ्या डांबरी रस्त्यावर, आवाज येतो त्या वेगात, गाडी हलकेच डावी-उजवी करून पाहा. उजवीकडे वळवताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्यावर. वेडावाकडा झिजलेला टायरही असाच ओरडतो, पण त्याचा आवाज वळणापेक्षा रस्त्याच्या पोताप्रमाणे बदलतो. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली की कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग, तरी राहिली तर बॉल जॉइंट नाही तर किंग पिन (चाक ज्यावर वळतं ते सांधे) पाहा.

खालचं सगळं टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगच्या हबसाठी आहे: आत मोठं बेअरिंग, बाहेर लहान, वर कॉटर पिनवाला (सुटू नये म्हणून आडवी पिन घातलेला) नट. आपल्याकडच्या बऱ्याच टू व्हील ड्राइव्ह पिकअपला हेच असते. फोर व्हील ड्राइव्ह असेल किंवा सीलबंद युनिट असेल तर बहुतेकदा प्रेस (बेअरिंग दाबून बसवायचं यंत्र) लागतो, ते काम गॅरेजलाच द्या.

जागा सपाट आणि कडक हवी. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीवर जॅक लावू नका, तो तिरपा होतोच. मागच्या चाकांना दगड द्या, गाडी उचलली की चॅसीखाली घोडा (जॅक स्टँड) ठेवा. चाक काढा, कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) सोडून तारेने वर बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. मग ग्रीस कॅप, कॉटर पिन, नट, वायसर; हब बाहेर.

आता मुद्द्याचं. बेअरिंगचे दोन भाग असतात, कोन म्हणजे रोलरसकट आतली कडी, आणि कप म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी. कप काढायचा कंटाळा येतो म्हणून कित्येक जण नुसता कोन बदलतात. जुन्या कपावर रोलरच्या खुणा पडलेल्या असतात, त्यावर नवा कोन थोड्याच दिवसांत ओरडायला लागते. कप-कोन एकाच पुड्यातले लावा. हबमध्ये कपामागे खाचा असतात, तिथे पंच लावून आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोका. नवा कप बसवताना जुना कप उलटा धरून त्यावर ठोका. कप तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलून भरीव येतो, तिथे थांबा. आणि गॅरेजवाल्याच्या म्हणण्याबद्दल: हब तेव्हाच बदलायचा, जेव्हा कप त्यात बोटाने फिरण्याइतका सैल झाला असेल. नाही तर तो खर्च फुकटचा आहे. स्टब ॲक्सलवर (हब ज्या दांड्यावर बसतो त्यावर) बोट फिरवून मात्र पाहा, बेअरिंग बसते तिथे निळसर जळाल्याचा डाग किंवा खोल ओरखडा असेल तर नवं बेअरिंगही टिकणार नाही.

ग्रीस उष्णता सोसणारं, व्हील बेअरिंगचंच घ्या. तळहातावर गोळा घेऊन कोनाची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, रोलरच्या मधून ग्रीस दुसरीकडे निघेपर्यंत. बंडीच्या आसाला वंगण थोपतात तसा हब मात्र गच्च भरू नका, तापल्यावर ग्रीस सील फोडून ब्रेकच्या डिस्कवर येते. ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) नवंच टाका. माझ्या मते आपल्या भागात बेअरिंग लोडपेक्षा सीलमुळे जास्त जातात. नाल्यातून गाडी काढायची, मग पंपाच्या जोरदार धारेने नेमकं चाकाच्या आतूनच धुवायचं. पाणी आत शिरतं, ग्रीस दुधाळ होते, आणि कापसाच्या हंगामात उंच भरलेली गाडी झुलायला लागली की राहिलेलं काम पुरं होते.

खरी कारागिरी नटमध्ये आहे. चाकाच्या नटसारखा हा कचकचून आवळला तर बेअरिंग तापून जळते. आधी हब फिरवत फिरवत पान्याने थोडा आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आवळून नाही, किंचित सैल करून जुळवा. हब सहज फिरला पाहिजे आणि हाताला खटखट लागता कामा नये. कंपनीच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलचा टॉर्क (नट आवळायचा जोर) वेगळा दिला असेल तर तोच पाळा. कॉटर पिन नवी, जुनी सरळ करून लावू नका.

डिस्कला ग्रीसचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा, कॅलिपर बसवल्यावर दोन-चारदा ब्रेक दाबा आणि मगच गाडी हलवा. रिकामी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात नेऊन पाहा. नवं बसवलेलं दुसऱ्यापेक्षा बरंच गरम लागलं तर नट आवळ आहे, पुन्हा उघडा. आठवडाभराने एकदा चाक उचलून प्ले (ढिलाई) बघून घ्या, तोवर भारी लोड घेऊ नका.