शिसपेन्सिलीतलं शिसं

एका वाचकाने विचारलं आहे: "मुलीच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, पेन्सिलीत शिसं नसतंच. मग 'शिसपेन्सिल' हा शब्द चुकीचा धरायचा का? 'ग्राफाइट पेन्सिल' म्हणायची सवय लावावी का? आणि पेन, पेन्सिल हे शब्द एकाच मुळातले असतील ना?"

बाईंचं बरोबर आहे. शब्द मात्र मुलीने खुशाल वापरावा. तो टाकून देण्यासारखा नाही.

आधी त्याची घडण बघू. संस्कृत 'सीस' म्हणजे शिसे हा धातू, त्याचंच मराठी रूप 'शिसे'. समासात पहिल्या शब्दाचा शेवटचा स्वर गळतो: सोने–सोनसाखळी, घोडा–घोडदळ, तसंच शिसे–शिसपेन्सिल. पेन्सिल लाकडाची असते म्हणून या 'शिस'चा संबंध शिसवी लाकडाशी लावणारेही मला भेटले आहेत. पण शिसव आलं 'शिंशपा'वरून. शिवाय ते लाकूड इतकं कठीण की टोकयंत्राचं पातं त्यापुढे हात टेकेल. पेन्सिलीला मऊ, सरळ रेषेचं लाकूड लागतं. आपल्याकडे त्यासाठी काश्मीरमधल्या पुलवामा भागातून पॉपलरच्या पट्ट्या येतात.

मग शिसं आलं कुठून? शिशाचा तुकडा कागदावर ओढला की खरंच रेघ उठते. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्यातली शिशाची एक गोळी माझ्याकडे आहे. ती कागदावर घासून बघितली तर फिकट, करड्या रंगाची रेघ उमटते, कितीही दाबलं तरी काळी होत नाही. मध्ययुगात युरोपातले लेखनिक चर्मपत्रावर ओळी आखायला शिसंच वापरत. अक्षरं शाईची, आखणी शिशाची.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियातल्या बॉरोडेल खोऱ्यात एक काळा, मऊ, हाताला तेलकट लागणारा खनिज पदार्थ सापडला. तिथले मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत. तो शिशासारखीच रेघ उमटवत होता, पण कितीतरी काळी. रसायनशास्त्र अजून बाल्यात होतं, तेव्हा लोकांनी अंदाज बांधला की ही शिशाचीच एखादी जात असणार, आणि त्याला 'काळं शिसं' म्हटलं. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात, त्यावरून त्याचं 'प्लंबॅगो' असंही नाव पडलं. तिथला साठा इतका शुद्ध आणि घट्ट होता की करवतीने कापून सरळ कांड्या निघत. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायलाही तो लागे, त्यामुळे किंमत चढली आणि चोऱ्या सुरू झाल्या. शेवटी 1752 मध्ये ब्रिटिश संसदेला या चोरीसाठी वेगळा कायदाच करावा लागला.

हे शिसं नव्हे, कार्बन आहे, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी 1779 मध्ये दाखवलं. दहा वर्षांनी, 1789 मध्ये, जर्मन भूवैज्ञानिक आब्राहाम वेर्नर यांनी 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला 'ग्राफाइट' हे नाव दिलं. तोवर दोनशे वर्षं लोटली होती आणि जुनं नाव तोंडात पक्कं बसलं होतं. इंग्रजीत 'लेड पेन्सिल', जर्मनमध्ये 'ब्लायश्टिफ्ट' म्हणजे शिसकांडी, अरबीत 'कलम रसास' म्हणजे शिशाची लेखणी. आपली शिसपेन्सिल त्याच घरातली, इंग्रजी नावावरून घडलेली. शेजारच्या गुजरातीतही 'सीसापेन' आहेच.

पण आपल्याला 'शिस' जोडायची गरज का पडली? मला वाटतं, या शब्दातली सगळ्यात आपली गोष्ट हीच आहे. आपल्या मुलांच्या हाती आधी यायची ती पाटीवरची पेन्सिल. माझ्या आजीच्या तोंडी नुसतं 'पेन्सिल' म्हणजे तीच, दगडी, करकर वाजणारी. कागदावर लिहायची ती वेगळी, म्हणून ती शिसपेन्सिल. म्हणजे 'शिस' हा धातूचा दाखला नाही, ती दोन पेन्सिलींमधली खूण आहे. 'ग्राफाइट पेन्सिल' म्हटलंत तर रसायन बरोबर येईल, पण पाटी पुसली जाईल.

आजच्या कांडीत तरी निव्वळ ग्राफाइट कुठे असतं? फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध सुरू झालं आणि बॉरोडेलचा माल बंद झाला, तेव्हा निकोला-जाक कोंते यांनी ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या आणि 1795 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकट, माती कमी तर कांडी मऊ आणि रेघ काळी. पेन्सिलीवरची एच आणि बी ही अक्षरं हेच सांगतात. चित्रकलेच्या परीक्षेला सहा बी मागतात ती सगळ्यात कमी मातीच्या कांड्यांपैकी एक.

मूल पेन्सिल चावतं म्हणून शिशाची भीती घेणाऱ्या पालकांना एवढंच सांगेन की कांडीत शिसं नाही. जुन्या काळी बाहेरच्या रंगात ते असे, म्हणून चावू न देणं बरंच. खरा जीव घेतला तो दुसऱ्या पेन्सिलीने. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसात दगडाची भुकटी जाऊन सिलिकोसिस झाला, आणि कितीतरी जण ऐन तारुण्यात गेले. पाटीच्या आठवणी काढताना मला त्यांचीही आठवण होते.

राहिला पेन आणि पेन्सिलीचा प्रश्न. दिसायला सख्खे, पण मुळं वेगळी. 'पेन' आलं लॅटिन 'पेन्ना'वरून, म्हणजे पीस. 'पेन्सिल' आलं 'पेनिकिल्लुस'वरून, म्हणजे छोटी शेपटी, आणि त्यावरून चित्रकाराचा बारीक कुंचला. 'पेनिसिलिन' ज्या बुरशीपासून मिळतं तिच्या टोकाला सूक्ष्मदर्शकाखाली असाच कुंचला दिसतो, म्हणून तिचंही नाव त्याच मुळावरून पडलं. तेव्हा पेन्सिलीचं सख्खं भावंड शोधायचं तर ते दप्तरात नाही, औषधाच्या कपाटात सापडेल.