सोळा तासांचा उपवास आणि सुटणारा तोल

ताई,

तुम्ही लिहिता की गेला महिनाभर रात्री आठ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असा 16 तासांचा उपवास तुम्ही कटाक्षाने पाळत आहात. पण सकाळी अकराच्या सुमारास वही सापडत नाही एवढ्याशा कारणावरून मुलावर ओरडता, आणि रात्री सगळे झोपल्यावर दिवा न लावता, ओट्यापाशी उभ्या उभ्या पोटाला तडस लागेपर्यंत खाता. ‘माझ्यात संयमच नाही’ हा तुमचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

उपाशीपोटी शरीर साठ्यातली साखर वापरात आणते आणि त्या कामी ॲड्रेनालिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके मदत करतात. ताणाच्या प्रसंगी स्रवतात तीच ही. मग आवाज चढायला वहीचे निमित्तही पुरते. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवले होते. त्यांचे हाल तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक होते हे खरे, परंतु स्वेच्छेने आलेली ही शांत माणसे चिडखोर झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना हात आवरेना. तुमचे रात्रीचे खाणे मला याच जातीचे वाटते.

शिवाय 16 हा आकडा काही पवित्र नाही. चीनमध्ये 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक सारखेच मर्यादित ठेवले असता, केवळ खाण्याची वेळ आखडल्यामुळे वजन लक्षणीयरीत्या अधिक घटले नाही. तेव्हा उपवास 12 तासांवर आणा, सकाळी प्रथिनयुक्त न्याहारी करा आणि रात्रीचे जेवण पोटभर, सर्वांसोबत बसून घ्या. नेहमीच्या जेवणाच्या वेळी घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक वाढते, म्हणून सुरुवातीला जुन्या वेळांना भूक जाणवेल; ती लाटेसारखी येते आणि ओसरतेही.

एवढे करूनही चोरून खाणे थांबले नाही, तर उपवास पूर्ण बंद करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यात कमीपणा नाही. मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा तुम्ही गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस उपाशी राहू नका.

आणि मुलाला आजच जवळ घेऊन सांगा की त्या सकाळी आईला फार भूक लागली होती, म्हणून तिचा आवाज उगाच चढला.