सौभद्र बसवताय? आधी तबलजी गाठा

प्रश्न थोडक्यात असा, की जत्रेला दोन महिने आहेत, महाजनांनी (देवळाच्या कारभाऱ्यांनी) यंदा अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं 'संगीत सौभद्र' मागितलंय, अर्जुनाला गाणारा मुलगा मिळालाय, पण बाकी कुणी गाणं शिकलेलं नाही. तेव्हा पदं ट्रॅकवर लावून नुसती तोंडं हलवली तर चालेल का, आणि पदं ठेवायची तरी किती?

ट्रॅक नको. गावच्या देवळात तीसेक वर्षं नाटकं बसवतोय, त्या जोरावर सांगतो. दीनानाथ मंगेशकरांच्या आणि अभिषेकीबुवांच्या गोव्यातल्या मंगेशीपासून आमचा गाव काही फार लांब नाही. आमच्या मंडपात पहिल्या रांगेत बसणाऱ्या आजोबांना नाटकातला पुढचा शब्द नटाच्या आधी आठवतो. तोंड हलवणारा त्यांच्या हाती दुसऱ्या ओळीलाच सापडतो. बरं, तो सापडला नाही असं धरलं तरी ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. कृष्ण रुक्मिणीची समजूत काढताना एक ओळ म्हणतो, तिच्याकडे बघतो, ती मान फिरवते, मग तो तीच ओळ जरा वेगळी म्हणतो. हा खेळ ऑर्गन आणि तबल्याला कळतो, यंत्राला नाही. बेसूर गाणाऱ्या कृष्णाला आमच्या लोकांनी माफ केलेलं मी पाहिलंय. खोटं गाणाऱ्याला मात्र शिट्ट्याच मिळाल्या.

आता पदं. मूळ संहितेत ती शंभराच्या वर आहेत, सगळी करायला गेलात तर पहाट होईल. कात्री लावायला घाबरू नका. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882च्या नोव्हेंबरात पुण्यात सौभद्राचे पहिले तीनच अंक रंगमंचावर आणले होते, पुरं पाच अंकी नाटक पुढच्या वर्षी झालं. पण बहुतेक हौशी मंडळं कात्री उलटी चालवतात. प्रसिद्ध, आलापी लागणारी पदं ठेवतात आणि साक्या-दिंड्या, म्हणजे सोप्या चालीची छोटी पदं, उडवतात. तुम्ही याच्या उलट करा. साकी-दिंडी म्हणजे बोलण्याहून जेमतेम चार बोटं वर. न शिकलेला माणूसही ती ठसक्यात म्हणतो, आणि कथाही तिच्यावरच पुढे सरकते. मोठी पदं अर्जुनाला पाच-सहा, सुभद्रेला तीन-चार, नारदाला एक. साक्या-दिंड्या धरून सगळी मिळून पंचवीसच्या पुढे जाऊ नका.

वेळेचंही बघा. कायद्याने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार ठराविक दिवशी बारापर्यंत सवलत देतं, पण तुमची जत्रा त्या दिवसांत बसते का हे आधीच विचारून ठेवा. पालखी फिरून येईस्तोवर साडेनऊ वाजले आणि मग नांदी (सुरुवातीचं स्तवन) सुरू, असं आता चालत नाही. पालखीची वेळ महाजनांशी आत्ताच बोलून घ्या, पोस्टर छापल्यावर नको.

खरी मेख सुरांची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. सौभद्र झालं त्या काळी सुभद्रेचं काम भाऊराव कोल्हटकरांनी केलं, म्हणजे नट सगळे पुरुषच. आता सुभद्रा बाई करते आणि तिचा षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा', अर्जुनाच्या षड्जाला मिळत नाही. आमच्या पहिल्या सौभद्रात अर्जुनाची पट्टी काळी एक, सुभद्रेची काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या दोन वेगळ्या काळ्या पट्ट्या. तबलजी आदल्या दिवशी आला, तोही काळी एकमधला एकच तबला घेऊन. सुभद्रेचा प्रवेश झाला, ऑर्गनने तिचा सूर दिला, तिने पहिली ओळ घेतली, आणि विंगेतून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले, टक-टक-टक. बिचारा तबला तिच्या सुराला मिळवत होता. तो एवढा हलतो थोडाच? अख्खं पद त्या ठोक्यांवर गेलं. पोरगी रंगपटात येऊन रडली.

म्हणून तालमीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा सूर ठरवा. गाणं न शिकलेल्याचा असा काढायचा: त्याला लांब उभं करून एक वाक्य मंडपाच्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणायला लावा आणि ऑर्गनवर त्या आवाजाची पट्टी शोधा. षड्ज तिच्या थोडा खाली धरा. मग संहितेवर प्रत्येक पदापुढे पट्टी लिहा आणि तो कागद तबलजीला द्या. त्याला दोन, जमल्यास तीन तबले आणायला सांगा आणि त्याचे जादा पैसे द्या, कुरकुर करू नका. ऑर्गनवाल्याला वाक्यं पाठ हवीत. शेवटच्या वाक्याखालीच त्याने सूर धरला की नट बोलता बोलता गाण्यात शिरतो. वाक्य संपलं, सगळे गप्प, मग पॅं करून सूर, की नाटक तिथेच बसलं.

सुभद्रा बाहेरून आणणार असाल (आपल्याकडे गावोगाव तीच पद्धत), तर ती शेवटच्या दोन तालमींना येईल आणि तिच्या हालचाली तिने आधीच ठरवलेल्या असतील. तोवर गावातली एखादी मुलगी उभी करून तालमी घ्या. दोन वर्षांनी तीच तुमची सुभद्रा होईल, आमची तशीच झाली. बलरामाला गाण्यासाठी निवडू नका, मोठा आवाज आणि खरा राग येणारा माणूस बघा. पंचायतीच्या सभेत जो सगळ्यात जास्त ओरडतो तो घ्या.

वन्समोअर अर्जुनाला एकच, आणि तो द्यायचा की नाही हे दिग्दर्शकाने विंगेतून ठरवायचं. आमच्या एका अर्जुनाने एका पदाला चार घेतले, आणि शेवटच्या अंकाला मंडपात आम्ही, पुजारी आणि चहावाला उरलो.

जाता जाता एक. हे नाटक जमलं नाही तर पुढच्या खेपेला देवलांचं 'संशयकल्लोळ' बघा. ते आधी गद्य होतं, पदं 1916 साली आली, त्यामुळे गाणी कमी केली तरी उभं राहतं. किर्लोस्कर आणि देवल दोघांच्याही नाटकांना आता लेखकाच्या वारसांची परवानगी लागत नाही. कानेटकरांच्या 1964च्या 'मत्स्यगंधा'ला मात्र लागते, तेवढं विसरू नका.

आणि अर्जुनाच्या यतिवेषाची (संन्याशाच्या सोंगाची) दाढी ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे कपडे देणाऱ्याकडून, निदान आठवडाभर आधी मागवा. मिशीचे केस ओठांवर येतात, लांब आकार घेतला की तोंडात जातात, आणि डिंक सुटला की मुलगा गाता गाता एका हाताने हनुवटी धरून उभा राहतो. शेवटच्या तीन तालमी दाढी लावूनच घ्या.