अपवाद होऊ नकोस, करूही नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. वेगवेगळ्या समूहांतल्या मुलांसाठी तू घेतलेल्या शिबिराच्या शेवटी एक मुलगा दुसऱ्या समूहातल्या एका मुलीला म्हणाला, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तीही हसली, आणि तुला मात्र रात्रभर झोप आली नाही. बरं झालं. आली असती तर मला काळजी वाटली असती.

तू विचारतेस, त्या मुलाचा हेतू चांगला होता ना? होता की! म्हणूनच तर हे वाक्य इतकं टिकतं. शिवी दिली असती तर कुणीतरी हटकलं असतं. कौतुकाला कोण हटकणार? पण त्या कौतुकात काय घडलं ते नीट बघ. तीन दिवस तिच्यासोबत राहून त्याचा तिच्या समूहाबद्दलचा समज डळमळायला हवा होता. त्याने समज तसाच ठेवला आणि तिला बाहेर काढलं. म्हणजे बाकीचे सगळे तसेच, ही एक वेगळी. आणि तिने हसून मान डोलावली तेव्हा त्या बाकीच्यांवर तिचीही सही झाली.

म्हणून सांगते, कुणाचा अपवाद होऊ नकोस आणि कुणाला अपवाद करू नकोस. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

ही माझी एकटीची खोड नाही. १९८३ मध्ये रेनी वेबर आणि जेनिफर क्रॉकर या अमेरिकी संशोधकांनी हेच तपासलं. समजाला छेद देणारी माहिती एखाद-दोन व्यक्तींच्या वाट्याला आली, तर लोक त्यांना वेगळ्या कप्प्यात टाकतात आणि मूळ समज शाबूत राहतो. तीच माहिती अनेक साध्यासुध्या व्यक्तींमध्ये थोडीथोडी विखुरलेली असेल, तर समज जास्त हलतो. आता सांग, शिबिरात तू काय केलंस? प्रत्येक समूहातून एक 'चमकदार' पाहुणा बोलावलास. मुलं भारावली. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, थोर माणसं कमी बोलाव. एका समूहातली पाचसहा माणसं आण: एक विनोदी, एक चिडकी, एक कंटाळवाणी. हो, कंटाळवाणीसुद्धा. आपल्या समूहात कंटाळवाणी माणसं असतात हे आपल्याला ठाऊक असतं. इतरांच्या बाबतीत मात्र आपण सवलत फक्त थोरांना देतो.

आणि तो डोळ्यांच्या रंगाचा खेळ पुढच्या वेळी घ्यायचा म्हणतेस, तो घेऊ नकोस. जेन इलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात तिसरीच्या मुलांसोबत तो केला. आधी एका रंगाच्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ, मग दुसऱ्या. त्या बाईंचं धाडस मला मान्य आहे. पण त्यांची मुलं त्यांना रोज भेटत होती, तुझी तिसऱ्या दिवशी घरी जाणार. जखम करून निघून जायचं आणि त्याला जागृती म्हणायचं, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा त्यांना एकत्र काम दे. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला शाळांमधलं वर्णाधारित विभाजन मोडताना वर्गात मुलं एकमेकांवर धावून जायला लागली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होणार नाही. तिथे कुणी कुणाचं कौतुक करायला बसलं नव्हतं, एकमेकांची गरज होती. आणि गरज सगळ्यांची असली की अपवाद काढायला सवडच मिळत नाही.

शिबिरात मुलांकडून लिहून घेतलेल्या 'मी कोण' या यादीबद्दल तू लिहिलंस ते वाचून मात्र मी वैतागले. बहुतेकांनी छंद लिहिले, एका मुलाने आपला समूह सगळ्यांत वर लिहिला, आणि तू निष्कर्ष काढलास की तो 'त्यात अडकलाय'. अगं, त्या खोलीत त्या समूहाचा तो एकटाच होता ना? मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात मुलांना स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलायला सांगितलं होतं. ज्या बाबतीत मूल वर्गात वेगळं पडत होतं, ती बाब त्याच्या बोलण्यात जास्त येत होती. बाकीच्यांना छंद लिहिता आले, कारण बाकीचं सगळं त्यांना खोलीत फुकट मिळत होतं. त्याला अडकलेला म्हणणं म्हणजे पुन्हा अपवादच काढणं.

आता माझं थोडं. हे वाक्य माझ्याही वाट्याला अनेकदा आलं, आणि मी दर वेळी भर पंगतीत उत्तर दिलं: "मी अगदी त्यांच्यासारखीच आहे, तुम्हीच त्यांना भेटला नाहीत." त्यापायी मी तुसडी ठरले. हे वाक्य म्हणालेली एक फार जवळची मैत्रीण हळूहळू फोन करेनाशी झाली. तिला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर ती राहिली असती, हे आज कळतं आणि सलतं. पण बाजूला घेऊन सांगितलं असतं तर पंगतीतल्या बाकीच्यांनी ते वाक्य पुढच्या घरी नेलं असतं, आणि तिथे माझ्यासारखी दुसरी कुणी असती, कदाचित वयाने लहान. तिच्यासाठी मला बोलायलाच हवं होतं. निदान मी स्वतःला असं सांगत आले आहे. तू मला हट्टी म्हणशील तर म्हण, वाक्य मागे घेणार नाही.

तुला मात्र एवढी घाई नाही. त्या मुलाला झापू नकोस. पुढच्या भेटीत त्याला विचार, "तिच्यात काय वेगळं वाटलं? आणि तिच्यासारख्या किती जणांना तू ओळखतोस?" उत्तर बहुधा एक असेल. ते त्याच्या तोंडून येऊ दे, तू मध्ये बोलू नकोस. तुला शांतता सोसत नाही, मला माहीत आहे. मुलीला वेगळं भेट. तिला तिच्या समूहाची बाजू मांडायला सांगू नकोस, ती काही वकील म्हणून आली नव्हती. फक्त टाळ्यांच्या वेळी कसं वाटलं ते विचार. छान वाटलं असं म्हणाली तर तेही ऐकून घे, दुरुस्त करायला जाऊ नकोस. त्या वयात मलाही छानच वाटायचं.

आणि पाहुण्यांची नवी यादी मला पाठव. पुन्हा एकेक नाव असेल तर मी तशीच परत करेन.

तुझी,
ताई